सुयांआधीची गोळी

मला एकतीस पायऱ्या चढायला किती सेकंद लागतात, हे जगात एकाच माणसाने लिहून ठेवलं आहे. माझ्या आईने नाही, नवऱ्याने तर नाहीच नाही. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि लोकांना सुया टोचणाऱ्या एका गृहस्थांनी ते लिहिलं. दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, आलेखाच्या कागदावर, टोक काढलेल्या पेन्सिलीने.

त्यांना डॉक्टर म्हटलेलं खपत नसे. अ‍ॅक्युपंक्चरची रीतसर पदविका होती, ती फ्रेम करून भिंतीवर लावलेलीही होती, पण अशा जागी की दार उघडं असलं की ती दारामागे झाकली जाई. आणि दार दिवसभर उघडंच. मी एकदा त्यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, ज्याला बघायची असेल त्याने दार लावून घ्यावं. आम्ही सगळे पेशंट त्यांना सर म्हणत असू. ते सगळ्या बायकांना बाई म्हणत आणि पुरुषांना काहीच म्हणत नसत.

नोकरीत असताना ते एका सरकारी कारखान्यात तयार माल तपासत. हातात मापं घेऊन उभं राहायचं आणि ठरल्यापेक्षा केसभर जरी इकडेतिकडे असलं तरी अख्खी पेटी परत पाठवायची, हे काम त्यांनी जन्मभर केलं. त्यामुळे खालचे कामगार आणि वरचे साहेब दोघंही त्यांच्यावर सारखेच चिडून असत, असं ते समाधानाने सांगत. त्या कामातलं त्यांना काय आवडायचं, तर म्हणे मालाला तोंड नसतं. माल स्वतःबद्दल काही बोलत नाही.

माणसं बोलतात, ही त्यांची तक्रार होती. माणूस दुखणं सांगायला लागला की त्यात सून येते, साहेब येतो, पाऊसपाणी येतं, शेजाऱ्यांचं पार्किंग येतं. "मला नुसतं दुखणं हवंय," ते म्हणत, "भेसळ नको." म्हणून त्यांनी जिना धरला. खाली जिन्याच्या तोंडाशी एक घंटीचं बटण होतं आणि वर पाटी, 'घंटी वाजवून मगच चढावे.' आम्हाला वाटे, घरात वहिनी असतात, तेव्हा वर्दी देणं हा रीतीचा भाग असावा. कसली रीत. वर हे गृहस्थ गळ्यात शर्यतीचं घड्याळ अडकवून बसलेले असत. घंटी वाजली की घड्याळ चालू, आपला पाय शेवटच्या पायरीवर आला की बंद. आपण धापा टाकत "नमस्कार सर" म्हणेपर्यंत त्यांनी आकडा लिहिलेला असे. मग आपण कितीही रडगाणं गायलं तरी ते कागदाकडे बघून मान हलवत.

आता मी स्वतः दस्त नोंदणीच्या कचेरीत आहे. लोकांच्या सह्या, पत्ते आणि ओळख पटवणारे साक्षीदार तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. समोरचा खोटं बोलतोय हे मला त्याच्या चपलेवरून कळतं. तरी या माणसाने मला जिन्यात मोजलं आणि मला महिनाभर पत्ता लागला नाही, याचा मला फार राग आला होता. आदरही वाटला, पण तो नंतर.

माझं दुखणं म्हणाल तर कंबर, आणि कंबरेतून डाव्या पायात उतरणारी कळ. नऊ वर्षांची. शेकून झालं, पट्टा लावून झाला, फिजिओ झाली, काढे झाले. लोकांचे सल्ले तर इतके झाले की मी कचेरीत दुखणं लपवायला लागले. पण सगळ्यात टोचायचं ते वेगळंच. दर पौर्णिमेला मी आईबरोबर विहारात वंदनेला जाते. माझी आई ऐंशीच्या घरातली, सतरंजीवर ताठ मांडी घालून बसते. आणि मी, पन्नाशीची, मागे भिंतीला लावलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. पोरंटोरं वळून बघतात. मला एकदा, एकदाच, आईशेजारी खाली बसून वंदना पूर्ण म्हणायची होती. तेवढ्यासाठी मी सुया टोचून घ्यायला गेले.

पहिल्या दिवशी त्यांनी वही पुढे केली. प्रत्येक नव्या पेशंटने त्यात एका ओळीत आपली अपेक्षा लिहायची. त्या वहीत काही शब्दांना बंदी होती. पूर्ण, कायमचं, लगेच, मुळापासून. हे शब्द आले की ते लाल पेन्सिलीने काट मारत आणि उरलेलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवत. 'दुखणं मुळापासून कायमचं बरं व्हावं' या वाक्याचं 'दुखणं बरं व्हावं' झालं की म्हणत, "आता जरा माणसात आलं." कुणी तरी 'पूर्वीसारखं व्हावं' लिहिलं होतं, त्यापुढे त्यांनी 'साल लिहा' असा शेरा मारला होता. संगणकाच्या कंपनीतली एक मुलगी मानेचं दुखणं घेऊन यायची. ती म्हणाली, सर, एक्स्पेक्टेशन असं काही नाही, जस्ट क्वालिटी ऑफ लाइफ इम्प्रूव्ह झाली पाहिजे. सर म्हणाले, ते मोजायचं माप माझ्याकडे नाही, मान किती वळते तेवढं सांगा.

मी लिहिलं, 'वंदनेला खाली बसता यावे.' त्यांनी ते दोनदा वाचलं, लाल पेन्सिल कानावर ठेवली आणि माझं आडनाव पुन्हा एकदा बघितलं. पेठेतली माणसं आडनाव दोनदा वाचतात तेव्हा पुढे काय येणार याची मला सवय आहे, मी कंबर कसूनच बसले होते.

"तुमच्यात पहिलंच वाक्य 'दुःख आहे' असं आहे ना?" ते म्हणाले. "मग तुम्हाला अपेक्षा कमी ठेवायला सोपं जाईल."

मी म्हटलं, "तिसरं वाक्य 'दुःख संपतं' असंही आहे."

"ते माझ्या पदविकेच्या अभ्यासक्रमात नव्हतं," ते म्हणाले आणि सुयांचं पाकीट फोडलं. त्या क्षणापासून आमचं जमलं.

त्यांच्याइतका प्रामाणिक माणूस मी त्या धंद्यात पाहिलेला नाही. कुठल्याही धंद्यात पाहिलेला नाही. शरीरातून ऊर्जा वाहते का, असं कुणी भक्तिभावाने विचारलं तर म्हणत, मला काही वाहताना दिसत नाही. सुया टोचल्यावर काहींचं दुखणं कमी होतं, काहींचं होत नाही. कोणाचं होणार ते आधी कळत नाही. का, ते विचारू नका. एखाद्याचे आकडे दोन महिन्यांत हलले नाहीत की त्याला ते सरळ सांगत, तुमचा-माझा संबंध संपला, दुसरं काही बघा. लोक गयावया करत, अजून दोन महिने टोचा म्हणत. हे ऐकत नसत. पेशंटकडून त्यांच्या अपेक्षा तीनच. वेळेवर यायचं. आभार मानायचे नाहीत. आणि उपचार चालू असेतो वेदनाशामक गोळीला हात लावायचा नाही, कारण मग माप बिघडतं.

या अटीवर मात्र ते फार कडक होते. पहिल्या दिवशी सही घेत.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणत असू. पांढरे केस, बारीक अंबाडा, बोलणं हळू. नंबर पुकारणं, उशी देणं, सुया लावून पालथ्या पडलेल्या माणसाला "झालंच हो, दहा मिनिटं" म्हणणं हे त्या करत. सर त्यांची ओळख प्रत्येक नव्या पेशंटला एकदाच करून देत, पण ती करताना त्यांचा आवाज बदलायचा. ही माझी पहिली पेशंट. आठ वर्षांपूर्वी हिला संधिवाताने पोळी लाटता येत नव्हती. हिच्यासाठी मी मुदतीआधी नोकरी सोडली आणि हे शिकलो. मग ते भिंतीवरचा सगळ्यात जुना, कडा पिवळ्या पडलेला आलेख दाखवत. वहिनी घरातच राहायच्या, त्यांना जिना चढायचा प्रश्न नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं माप होतं. दहा पोळ्या लाटून भाजायला किती मिनिटं. रोज सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात घड्याळ घेऊन उभे. पहिल्या वर्षी रेघ खाली खाली येत गेलेली, आणि नंतर सात वर्षं ती खालीच, सरळ. "ही रेघ," ते म्हणत, "हीच माझी पदविका." वहिनी तेव्हा उशीचा अभ्रा सारखा करत असत.

माझंही पहिल्या महिन्यात खरंच कमी झालं, ते नाकारणार नाही. बाहत्तर सेकंदांवरून मी अठ्ठावन्नवर आले. पायातली कळ गुडघ्याच्या वरच थांबायला लागली. आणि मग गाडी तिथेच अडली. अठ्ठावन्न, साठ, सत्तावन्न, साठ. सर काही बोलत नसत, पण आकडा लिहिताना पेन्सिल जरा जास्त वेळ कागदावर टेकलेली राही. दोन महिने भरायला आले होते. मला भीती वाटायला लागली की आता हे मला हाकलणार.

त्यात एके दिवशी कचेरीत तपासणी होती, दिवसभर उभं राहून चारच्या सुमाराला कळ सोसेना, म्हणून मी एक गोळी घेतली. पर्समध्ये जुनी पडलेली होती. संध्याकाळी तशीच सुयांना गेले आणि एक्केचाळीस सेकंदांत वर पोचले.

सर खुर्चीतून उठून उभे राहिले. पेशंटसाठी ते कधी उठत नसत. घड्याळ कानाशी धरून हलवलं, बिघडलं नाही ना बघायला. मग आत हाक मारली, "अगं, बाहेर ये, बाईंचा आकडा बघ." वहिनी आल्या. चहा झाला. आम्हाला चहा मिळण्याची ती पहिलीच वेळ. ते सारखे कागदाकडे बघत होते आणि त्या म्हाताऱ्या, रुक्ष तोंडावर असं काही हसू होतं की माझ्या जिभेवर आलेलं वाक्य मी चहाबरोबर गिळलं. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. पुढच्या वेळी गोळी न घेता गेले, साठ सेकंद लागले, तर त्यांचं तोंड पार उतरलं. वहिनींनी नंतर हळूच सांगितलं की त्या दिवशी ते जेवले नाहीत.

झालं. तिसऱ्या वेळी मी गोळी घेऊन गेले.

त्यांच्या इमारतीखाली एक अमृततुल्य होतं. गोळी चढायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ बसायला जागा हवी म्हणून मी तिथे अर्धा चहा घ्यायला लागले. मालकाने पहिल्याच दिवशी न मागता पाण्याचा पेला पुढे ठेवला. मला वाटलं, काय अगत्य आहे. चार दिवसांनी शेजारच्या बाकावर मानेची ती संगणकवाली मुलगी दिसली. तिच्यापुढेही पेला. तिच्यापलीकडे गुडघेवाले निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्यापुढेही पेला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघांनीही एकदमच रस्त्याकडे बघितलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. पुढे तर कोपऱ्यावरचा औषधवाला आम्हाला बघूनच गोळी काढून ठेवी.

तर अशी आम्ही शहाणीसुरती, शिकलेली माणसं गोळी खाऊन सुया टोचून घ्यायला जात होतो. बरं वाटावं म्हणून नाही, त्यांना बरं वाटावं म्हणून. मुख्याध्यापकांचं तर स्वतःपुरतं तत्त्वज्ञानही तयार होतं. ते म्हणत, अहो, माणूस आपल्यासाठी इतके कष्ट घेतो, त्याला निकाल नको का दाखवायला? जन्मभर काठावरच्या पोरांना पास करण्याची सवय, दुसरं काय.

आणि वर सर निकाल बघत होते. माझा आलेख भिंतीवर वहिनींच्या आलेखाशेजारी लागला. नाव नाही, नुसता क्रमांक, पण सगळ्यांना माहीत. नव्या पेशंटला वहिनींची रेघ दाखवून झाली की ते माझी दाखवत आणि त्या माणसाच्या डोळ्यांत आशा आली की लगेच बजावत, "तुमचं असं होईलच असं नाही." मी सुया लावून पालथी पडलेली असे आणि हे सगळं ऐकत असे. लाज वाटायची. पण घरी जाऊन मी काय करत असे? दुसऱ्या दिवशीच्या गोळीचं बघत असे, कारण एव्हाना सुया नसल्या तरी रोज दोन लागायला लागल्या होत्या. आणि पौर्णिमेला खुर्चीवरच बसत असे. आईने एकदा विचारलं, एवढ्या सुया टोचून घेतेस तर गुण कुठे आहे गं? मी म्हटलं, येतोय हळूहळू. तिने पुन्हा विचारलं नाही.

हे दीड वर्ष चाललं. मग पाय सुजायला लागले, तोंड सकाळी फुगलेलं दिसायला लागलं. आमच्या घरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. क्रिएटिनिन वाढलेलं. दिवसाला किती गोळ्या घेता, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. कशासाठी घेता, विचारलं. तेही सांगितलं. त्यांनी पेन बंद करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, मूत्रपिंडं तुमची आहेत, त्या गृहस्थांची नाहीत. आजपासून एकही गोळी घ्यायची नाही.

गोळी थांबली आणि माझे सेकंद साठाच्या वर गेले. मी सगळं सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडायच्या आत सरच म्हणाले, "बाई, माझं काही तरी चुकतंय." सगळा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. जुनी पुस्तकं काढली. सुया टोचायच्या जागा बदलल्या, आणि प्रत्येक नवी जागा आधी स्वतःच्या पायावर करून बघायला लागले. एका मंगळवारी मी गेले तर ते लंगडत होते. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं.

त्या दिवशी सुया काढून झाल्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. रव्याचा डबा काढला, त्यात बोटं घातली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं गोळ्यांचं पाकीट बाहेर काढलं. तीच गोळी, पण दुप्पट ताकदीची.

"घ्या हो एक, यायच्या आधी," त्या म्हणाल्या. "ह्यांचा जीव खालीवर होतोय."

 तुम्ही कधीपासून घेता, असं मी विचारलं. त्या अगदी साधेपणाने बोलल्या. पहिल्या वर्षी सुयांनी खरंच बरं वाटलं होतं. मग हात पुन्हा आखडायला लागले. पण तोवर ह्यांनी नोकरी सोडलेली, भिंतीवर रेघ लागलेली, दारात पेशंट यायला लागलेले. रोज सकाळी घड्याळ घेऊन दारात उभे राहायचे आणि दहावी पोळी झाली की असे काही हसायचे. म्हणून सकाळी स्वयंपाकाच्या आधी एक. मग संध्याकाळीही एक, कारण संध्याकाळी हे बोटं दाबून बघतात. सात वर्षं.

मी त्यांचे पाय बघितले. पावलं पावासारखी फुगलेली होती, पैंजणांचा वळ उमटलेला. डोळ्यांखाली सूज. ती सूज मी आरशात पाहिलेली होती. मी कळवळून सांगितलं की वहिनी, रक्त तपासून घ्या. त्या नको म्हणाल्या, रिपोर्ट ह्यांच्या हाती पडेल. शेवटी ब्लाउजपीस आणायच्या बहाण्याने मी त्यांना लक्ष्मी रस्त्याला नेलं आणि वाटेत रक्त द्यायला लावलं. रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. माझ्यापेक्षा कितीतरी वाईट होता. मी आमच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, गोळ्या आज बंद झाल्या तर अजून आशा आहे, आणखी वर्षभर अशाच चालू राहिल्या तर डायलिसिसच.

हे मी वहिनींना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. त्यांची वाकडी बोटं माझ्या मनगटाला लागली तेव्हा मला कळलं की तो हात किती वर्षं नाटक करतोय.

"ह्यांना सांगणार नाही, वचन द्या," त्या म्हणाल्या. "मी कमी करते. हळूहळू करते."

मी वचन दिलं. आणि त्यांनी कमी केल्या नाहीत. पंधरा दिवसांनी मी विचारलं तर त्यांनी उशीचा अभ्रा झटकला.

मी तीन दिवस झोपले नाही. स्वतःपुरतं खोटं मी दीड वर्ष आरामात बोलले होते, पण हे माझ्याने सोसेना. सरांना कळलं तर ते कोलमडतील, नाही कळलं तर वहिनी जातील. इतकं सोपं होतं ते, आणि तरी माझे पाय तिकडे वळत नव्हते. शेवटी एका सकाळी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. वहिनी मंडईत गेल्यात हे खालच्या चहावाल्याकडून कळलं, आणि मी वर गेले.

आधी माझं सांगितलं. गोळी, पहिला एक्केचाळीसचा आकडा, खालचा चहा, सगळं. ऐकून झाल्यावर ते उठले. भिंतीवरचा माझा आलेख काढला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मी मोबाइल काढला आणि वहिनींचा रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा बदलून तो वाचला. कारखान्यात माल बघत असतील तसाच वाचला असेल, प्रत्येक आकडा आणि शेजारची मर्यादा, बोट ठेवून, दोनदा.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"सात."

त्यांनी दुसऱ्या आलेखाकडे बघितलं, त्या सरळ रेघेकडे. मला वाटलं, आता तोही काढतील. नाही काढला. ते म्हणाले, "कारखान्यात सात वर्षं एकाच आकड्यावर राहिलेला माल आला असता, तर मी पहिल्याच आठवड्यात माप तपासलं असतं." मोबाइल त्यांनी माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही आता जा. ती यायच्या आत जा."

मी जिना उतरून खाली आले तेव्हा वहिनी समोरून येत होत्या, हातात भाजीची पिशवी. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. कठड्याला धरून एकेक पायरी चढत गेल्या, त्यांना किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुया बंद. पाटी उतरवली, घंटी काढली. मुख्याध्यापक खाली उभे राहून गेले, ती मुलगी दोनदा येऊन गेली. चहावाल्याने मला विचारलं, वरची मंडळी बरी झाली का सगळी? मी हो म्हटलं. आम्हा पेशंटांमध्ये माझ्याबद्दल काय बोललं गेलं ते मला माहीत आहे. मुख्याध्यापक भेटले की अजून मान फिरवतात. त्यांचं म्हणणं असं की मी एका चांगल्या माणसाचं उगाच वाटोळं केलं. खोटं आम्ही सगळेच बोललो, हे मात्र त्यांच्या सोयीने ते विसरतात.

माझ्यापुरतं सांगायचं तर क्रिएटिनिन उतरलं. कंबर दुखते. रोज व्यायाम करते, चिडत करते. विहारात खुर्चीवर बसते आणि आता मला त्याचं फारसं काही वाटत नाही, किंवा वाटतं, पण ते मी आईला सांगते.

सात-आठ महिन्यांनी, बुद्धपौर्णिमेला, मी खिरीचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. हाकलून देतील याची तयारी ठेवूनच गेले होते. दार सरांनी उघडलं. खूप वाळले होते. "या," म्हणाले, आणि मी आत आल्याबरोबर पायात चपला घालून पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणायला निघून गेले. आता घरात पोळ्या बाहेरून येतात. वहिनी खिडकीपाशी बसलेल्या होत्या, हात मांडीवर, बोटं पार आत वळलेली. तोंडावरची सूज उतरली होती. नवा रिपोर्ट त्यांनी स्वतःच सांगितला. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं म्हणून निभावलं.

मी म्हटलं, वहिनी, माझ्यावरचा राग गेला नाही ना अजून.

"राग नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबरच होतं. सगळे तेच म्हणतात." खिरीचा डबा त्यांनी दोन्ही मनगटांत धरून जवळ ओढला. "आता हे रोज सकाळी विचारतात, किती दुखतंय. मी खरं सांगते. मग दिवसभर दोघांचं दुखतं. पूर्वी माझं एकटीचं दुखायचं."